घरगुती डब्याच्या धंद्याला पॅम्प्लेट चालतं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या इंदिरानगरात घरगुती डबा आणि पोळी-भाजी सुरू करताय. जाहिरातीसाठी जेमतेम पंधरा हजार बाजूला काढलेत. ओळखीच्या एकाने दहा हजार रंगीत पॅम्प्लेटं छापून पेपरात टाकायला सांगितलंय, तर भाचा म्हणतोय, कागदावर पैसे घालूच नको, सगळं इन्स्टाग्रामवर कर. तुम्हाला पॅम्प्लेटचे फायदे-तोटे हवेत आणि छापावं की नाही याचं सरळ उत्तर हवंय.

छपाई आणि वाटप ही दोन्ही कामं मी नाशकात बरीच वर्षं करतोय, म्हणून आधी उत्तर देतो. छापा. पण दहा हजार नको, आणि पेपरात तर आत्ता मुळीच नको. दोन हजार छापा, घरापासून दीड-दोन किलोमीटरच्या आतच वाटा आणि तीही दारात, माणसाच्या हातात. राहिलेले पैसे दुसऱ्या फेरीसाठी ठेवा.

दोन किलोमीटर का, ते सांगतो. पॅम्प्लेटची खरी ताकद म्हणजे ते तुम्ही नेलंत तिथेच जातं. तुमचा डबा पंचवटीत किंवा जेल रोडला वेळेत पोचणार नाही, तेव्हा तिथल्या माणसाने तुमची जाहिरात बघून तुम्हाला काही उपयोग नाही. इन्स्टाग्रामवरही जवळच्या परिसरापुरती जाहिरात लावता येते, भाचा म्हणतो ते चूक नाही. पण समोरच्या बिल्डिंगमधल्या तिसऱ्या मजल्यावर दोघंही नोकरी करतात, घरी आजी-आजोबा असतात, आणि डबा लावायचा निर्णय त्या चौघांनी मिळून घ्यायचा असतो. मोबाइलवरची जाहिरात एकाला दिसते आणि बोटाने वर जाते. कागद टीपॉयवर पडतो, आजी वाचतात, सून संध्याकाळी बघते. ज्या वस्तूचा निर्णय घर मिळून घेतं, तिथे मी आजही कागदावर भर देतो. डबा, पोळी-भाजी, लहान मुलांचे क्लासेस, पाळणाघर, आरओ दुरुस्ती, घरी येणारा फिजिओथेरपिस्ट, दळण, लाँड्री हे सगळे त्याच जातीचे धंदे.

दुसरा फायदा टिकण्याचा. फ्रिजला चुंबकाने लावलेलं, स्वयंपाकघराच्या कपाटाच्या आत चिकटवलेलं पॅम्प्लेट मी गिऱ्हाइकांच्या घरी पुष्कळदा पाहिलंय. ज्या दिवशी स्वयंपाकाच्या मावशी येत नाहीत, त्या दिवशी ते कामाला येतं. म्हणून आठवड्याचा मेनू छापलेलं पॅम्प्लेट नुसत्या ‘शुद्ध, सात्त्विक, घरगुती चव’ छापलेल्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस घरात राहतं. सोमवारी काय, मंगळवारी काय, चतुर्थी-एकादशीला उपवासाचं मिळतं का, एवढं असलं की तो कागद फेकायला हात होत नाही.

आता तोट्यांकडे येतो. इथे मला थोडं सविस्तर सांगायचंय, कारण लोकांचे पैसे जातात ते छपाईत नाही, वाटपात जातात.

ऑफसेटवर रंगीत काम करायचं म्हणजे चार रंगांच्या चार प्लेटा बनवाव्या लागतात, मशिन लावावं लागतं. हा खर्च हजार छापा की दहा हजार, तेवढाच. म्हणून संख्या वाढली की नगामागे भाव झपाट्याने उतरतो. दुकानदार सांगतो, ‘ताई, दोन हजारांऐवजी पाच हजार घ्या, थोडेच वाढतील’, आणि ते खरंही असतं. पण वाटपाचा दर तसा उतरत नाही. पाच हजार दारं म्हणजे पाच हजार दारंच. स्वस्त पडली म्हणून घेतलेली जास्तीची पॅम्प्लेटं एक तर घरात पडून राहतात, नाहीतर कुठेतरी ‘टाकून’ दिली जातात. किती छापायची हे प्रेसमध्ये ठरवायचंच नाही. आधी गल्ल्या मोजायच्या, सोसायट्यांतले फ्लॅट मोजायचे, त्यावर पाच-दहा टक्के वर धरायचे आणि तेवढी छापायची.

पेपरात टाकण्याचं बघू. पहाटे पेपरचे गठ्ठे उतरतात तिथे एकदा स्वतः जाऊन उभ्या राहा, बरंच कळेल. फुटपाथवर पोतं पसरलेलं असतं. मुख्य अंक आणि पुरवण्या वेगवेगळ्या आलेल्या असतात, त्या एकात एक घालायच्या असतात आणि त्याच हाताने पॅम्प्लेट सरकवायचं असतं. मुलांना सहाच्या आत लाइनवर, म्हणजे पेपर टाकायच्या ठरलेल्या घरांच्या वाटेवर, निघायचं असतं. गुळगुळीत आर्ट पेपरची पॅम्प्लेटं ताज्या कटिंगनंतर एकमेकांना चिकटलेली असतात, दोन-दोन तीन-तीन एकदम जातात. ज्या दिवशी तीन जाहिरातदारांची पॅम्प्लेटं असतात, त्या दिवशी तिन्ही एकत्र एकाच घडीत जातात आणि वाचणारा पेपर उघडताना तिन्ही एकदम बाजूला काढतो. मी त्या मुलांना दोष देत नाही. थंडीत पहाटे उठून ते हे काम करतात आणि पॅम्प्लेटमागे त्यांच्या हातात फारच थोडं पडतं.

तरी पेपरात टाकायचंच झालं, तर रविवार टाळा. रविवारी बिल्डर, सोन्याची दुकानं, फर्निचरचे सेल यांची गर्दी असते. डब्यासाठी सोमवार-मंगळवार बरा, कारण आठवड्याची ओढाताण तेव्हाच सुरू झालेली असते. विक्रेत्याला संपूर्ण इंदिरानगर न देता लाइनी विचारा, कोणत्या लाइनला किती अंक जातात ते लिहून घ्या आणि तेवढीच पॅम्प्लेटं मोजून द्या. त्या सकाळी त्या लाइनवरच्या ओळखीच्या दोन घरांना फोन करून पेपरात निघालं का ते विचारा. सुट्टीच्या दिवसांचंही भान ठेवा. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी पेपर निघत नाहीत, दिवाळीतही खंड पडतो. त्या तारखेला उद्घाटन असेल तर पॅम्प्लेट दोन दिवस आधी पोचायला हवं.

सिग्नलवर वाटायचं तर बोलूच नका. मुंबई नाक्याला किंवा द्वारका चौकात दुचाकीवाल्याच्या दोन्ही हातांना काम असतं. तो पॅम्प्लेट घेतो ते मुलाचा चेहरा बघून, आणि पुढच्या शंभर मीटरवर ते रस्त्यावर पडलेलं असतं. तुमच्या स्वयंपाकाचं नाव टायरखाली गेलेलं लोकांना दिसावं का? खाण्याच्या धंद्याला तर हे फार वाईट. रामकुंडावर किंवा गर्दीच्या बाजारात वाटण्याबद्दलही माझं हेच मत आहे. सिंहस्थ जवळ आलाय म्हणून ‘घाटावर लाखो लोक येतील, तिथे वाटू’ असं सांगणारे तुम्हाला भेटतील. ते लोक परगावचे, परत जाणारे. तुमचा महिन्याचा डबा ते लावणार नाहीत आणि कागद गोदावरीत जाईल.

जॉगिंग ट्रॅकची जागा मात्र चांगली. कृषीनगरचा ट्रॅक असो, गोल्फ क्लबचं मैदान असो किंवा तुमच्या भागातलं एखादं उद्यान, सकाळी तीच ती माणसं रोज येतात आणि बहुतेक जवळपासची असतात. एकच काळजी घ्या. आत जाताना देऊ नका, बाहेर पडताना द्या. आत जाणाऱ्याला चालायचं असतं, हातातला कागद त्याला अडचण होतो. बाहेर पडणारा घरी निघालेला असतो, तो तसाच घरी नेतो.

सगळ्यांत उत्तम वाटप म्हणजे दारोदार, आणि पहिल्या फेरीला तुम्ही स्वतः. बंगले, रो-हाउस, सिडकोतल्यासारखी गल्लीला लागून असलेली घरं इथे हे सोपं जातं. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात ही वेळ धरा. बेल वाजवून ‘मी पलीकडच्या गल्लीतली, डबा सुरू केलाय’ एवढं म्हणून कागद हातात द्या. त्या एका वाक्याने पॅम्प्लेटला चेहरा मिळतो. घरगुती जेवण घेणाऱ्याला पहिली शंका ‘कोण बनवतं, कुठे बनवतं’ हीच असते, आणि ती तुम्ही समोर उभ्या राहिलात की मिटते. सोसायटीत वॉचमनच्या टेबलावर गठ्ठा ठेवून निघू नका. तो गठ्ठा दोन दिवसांनी चहाच्या कपाखाली दिसतो. सेक्रेटरींना किंवा चेअरमनना भेटा, नोटिस बोर्डावर एक लावायची परवानगी मागा, जमलं तर त्यांच्या घरी एक दिवसाचा डबा द्या. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनीच तुमच्या पॅम्प्लेटचा फोटो टाकला, तर ते तुमच्या हजार कागदांच्या बरोबरीचं आहे.

पावसाळ्यात हे सगळं अवघड होतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये गेटला खोचलेला कागद तासाभरात लगदा होतो. पण कॉलेजं सुरू होऊन बाहेरगावची मुलं खोल्या घेतात तेही त्याच सुमाराला. तेव्हा मुलांसाठीची पॅम्प्लेटं पीजी आणि हॉस्टेलच्या आतल्या बोर्डांवरच लावा, मालकाला विचारून.

छपाईबद्दल थोडक्यात. आकार ठरवण्याआधी प्रेसवाल्याला विचारा. आपल्याकडे १८ × २३ इंचांच्या डेमी शीटमधून ५.५ × ८.५ इंचांची आठ पॅम्प्लेटं बरोबर बसतात. तुमच्या भाच्याने कॉम्प्युटरवर ए-५ धरून डिझाइन केलं, तर त्याच शीटवर सरळ मांडणीत सहाच बसतील आणि कागद वाया जाईल. कागद फार जाड घेऊ नका. कागदाची जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरच्या वजनाच्या ग्रॅममध्ये सांगतात. ए-५ आकाराचं एक पॅम्प्लेट ७० जीएसएमच्या कागदावर साधारण सव्वादोन ग्रॅमचं होतं, १३० जीएसएमवर चार ग्रॅमचं. म्हणजे पाचशेचा गठ्ठा एक किलोऐवजी दोन किलोंचा, आणि तो खांद्याला लावून जिने चढायचे असतात. डब्यासाठी ९० जीएसएम पुरे. लॅमिनेशन करू नका. त्याच्यावर पेनने काही लिहिता येत नाही, आणि प्लास्टिकचा थर असला की रद्दीतही त्याचा नीट उपयोग होत नाही. मेनू लोक हाताने बदलून लिहितात, त्यावर खुणा करतात, तेवढी सोय राहू द्या.

फोटो तुमच्याच डब्याचा हवा. नेटवरून उचललेला पनीरचा फोटो छापायचा आणि डब्यात मटकीची उसळ द्यायची, यात गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी नाराज होतं. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, स्टीलच्या डब्यात रोजचं जेवण वाढून फोटो काढा. डीटीपीवाल्याला, म्हणजे कॉम्प्युटरवर पॅम्प्लेट जुळवणाऱ्याला, तो व्हॉट्सॲपवर पाठवताना साधा फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जातो आणि छपाईत फुटतो.

प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा तपासणीचा नमुना, डोळ्यांत तेल घालून वाचा. श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमधून मोबाइलवरच्या युनिकोडमध्ये किंवा उलट मजकूर नेताना जोडाक्षरं तुटतात, रफार उडतो, ‘र्‍या’ची वाट लागते. स्क्रीनवर वाचून ‘ओके’ म्हणू नका, कागदावर प्रिंट काढा. फोन नंबर वाचून तपासायचा नाही. प्रूफवरचा नंबर बघत बघत दुसऱ्या मोबाइलवरून तो लावायचा आणि तुमचा फोन वाजला तरच सही करायची. क्यूआर कोडही तसाच छापील प्रूफवरून दोन-तीन वेगवेगळ्या मोबाइलने स्कॅन करा. तो दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, आणि गडद रंगावर पांढरा नको. फुकट मिळणारे काही क्यूआर कोड ठरावीक मुदतीनंतर बंद पडतात, म्हणून थेट व्हॉट्सॲप बिझनेसमधून निघणारा कोड घ्या.

दर छापावा का, असं बरेच जण विचारतात. माझं म्हणणं, छापावा, पण हिशेबाने. कागदाचा हा मोठा तोटा आहे: एकदा छापलं की बदलता येत नाही. लासलगावला कांद्याचे भाव कसे उड्या मारतात ते आपण बघतोच, तेल-डाळींचंही तेच. तेव्हा महिन्याच्या डब्याचा दर छापा आणि खाली तारीख लिहा, ‘हा दर अमुक महिन्याअखेरपर्यंत’. पदार्थवार लांबलचक दरपत्रक छापू नका. दर अजिबात न छापलेल्या पॅम्प्लेटवर मात्र फोन कमी येतात, कारण ‘महाग असेल’ असं धरून लोक सोडून देतात.

मजकुरात एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नोंदणीचा चौदा आकडी नंबर घाला. घरगुती धंद्यालाही ती नोंदणी लागते, आणि नंबर दिसला की विश्वास बसतो. अंबड-सातपूरच्या कामगारांना डबा देणार असाल, तर मागची बाजू हिंदीत करा.

दावे करताना जपून. ‘मधुमेह बरा करणारा आहार’ असं काहीही छापू नका. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने अशा जाहिरातींना बंदी आहे आणि साधं हँडबिलही त्यात येतं. ‘मधुमेहींसाठी कमी तेल-साखरेचा डबा’ असं लिहा, तेवढं पुरे. आणखी एक, खास आपल्या गावासाठी. नोटा जिथे छापल्या जातात त्या नाशिक रोडच्या शहरात राहून पाचशेच्या नोटेसारखं दिसणारं डिस्काउंट कूपन छापायची हौस काही जणांना येते. चलनी नोटेशी साधर्म्य असलेला कागद छापणं आणि वापरणं हा गुन्हा आहे. विजेच्या खांबावर, भिंतीवर चिकटवणंही टाळा, सार्वजनिक मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध राज्याचा १९९५ चा कायदा आहे आणि पॅम्प्लेटवर तर तुमचाच नंबर असतो.

हे उत्तर वाचणाऱ्या इतर व्यवसायांसाठी एवढंच की बिल्डरांच्या पॅम्प्लेटवर महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नोंदणी क्रमांक लागतो आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. वकिलांना जाहिरात करायची मुभा नाही, डॉक्टरांनाही रुग्ण ओढण्यासाठी पॅम्प्लेट वाटता येत नाही. क्लासवाल्यांनी मुलांचे फोटो आणि गुण छापताना त्यांची लेखी संमती घ्यावी.

आता पैशांचं. पॅम्प्लेटचा सगळ्यांत जुना दोष म्हणजे कोणी वाचलं, कोणी फेकलं ते कळत नाही. मोबाइलच्या जाहिरातीत निदान किती जणांनी बघितलं, किती जणांनी दाबलं ते दिसतं. कागदावर ते आपल्यालाच घडवावं लागतं. छापताना कोपऱ्यात एक छोटी रिकामी चौकट ठेवा आणि वाटायच्या आदल्या रात्री रबरी शिक्क्याने त्यात अक्षर मारा. रो-हाउसच्या गल्ल्यांना ‘क’, सोसायट्यांना ‘ख’, ट्रॅकला ‘ग’. ‘हे पॅम्प्लेट दाखवल्यास पहिल्या दिवशी गोड पदार्थ मोफत’ असं छापा. फोन आला की वहीत लिहा: तारीख, भाग, अक्षर, डबा लावला की नाही. दोन आठवड्यांत तुम्हाला कळेल की कोणत्या गल्लीने जेवण मागवलं.

हिशेब असा करा. समजा छपाई, वाटप सगळं धरून सहा हजार गेले, आणि एका महिनावारी डब्यात खर्च वजा जाता तुमच्या पदरात सहाशे राहतात. तर एक महिना टिकणारी दहा गिऱ्हाइकं मिळाली की पैसे वसूल. तीच गिऱ्हाइकं तीन महिने टिकणारी असतील, तर चार पुरतात. दोन हजारांत चार. या आकड्याकडे बघितलं की पॅम्प्लेट कुणासाठी आहे ते लक्षात येतं: ज्याचं गिऱ्हाईक परत परत येतं, त्याच्यासाठी. एकदाच वीस रुपयांची वस्तू विकणाऱ्याने छापू नये. गिऱ्हाईक साऱ्या जिल्ह्यात विखुरलेलं आहे, त्यानेही छापू नये. समजा कोणी लग्नाचे फोटो काढतो. त्याचं काम लोक इन्स्टाग्रामवरच बघणार, कागदावर नाही.

भाच्याला नाराज करू नका. गुगलवर तुमच्या केंद्राची नोंद करायला पैसे लागत नाहीत, ती त्याच्याकडून आजच करून घ्या. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी मेनू टाकायचं कामही त्याला द्या. पॅम्प्लेटने माणूस तुमच्या नंबरपर्यंत येतो, पुढे रोजची आठवण मोबाइलच करून देतो. पहिल्या फेरीतल्या लोकांचे नंबर साठले की दुसऱ्या फेरीला कागद कमी लागतो.

शेवटी एक गोष्ट वाटपाआधी ठरवून घ्या. तुमच्या स्वयंपाकघरातून रोज जास्तीत जास्त किती डबे निघतील? पंधरा निघत असतील, तर पहिल्या आठवड्यात दोन-तीनशेच पॅम्प्लेटं वाटा, जवळच्या गल्ल्यांत. बाकीचा गठ्ठा कोरड्या जागी प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा. फोन येऊ लागल्यावर ‘सध्या जागा नाही’ म्हणायची वेळ आली, तर ते घर पुन्हा फोन करत नाही. पंधरा डबे वेळेवर पोचायला लागले की पुढच्या गल्लीत जा.